अदब आणि तहकीक

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही, असे मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये छापले. माणूस विद्वान, शब्द चालला. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण विभाजक त्यालाही सांगता आले नाहीत. ते अमेरिकेच्या कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. न्यूयॉर्कच्या सभेत त्याने एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला, असे सांगतात.

बुजुर्गांचे म्हणणे तपासणे ही बेअदबी आहे का? आपल्या घरांत आणि वर्गांतही मुलाने 'कशावरून?' विचारले की आवाज चढतो. पण मर्सेनची चूक निघाली म्हणून त्याची इज्जत गेली नाही. या जातीच्या संख्यांना आजही त्याचेच नाव आहे. अदब माणसाची करावी, त्याच्या विधानाची तहकीक करावी. दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

कोलकडून आम्हा शिक्षकांना आणखी एक गोष्ट घेता येईल. ते विभाजक शोधणे महाकठीण होते. पडताळायला मात्र सातवीच्या मुलाला कागद, पेन्सिल आणि थोडा धीर पुरतो. 'माझ्यावर विश्वास ठेव' असे त्याला सांगावेच लागत नाही. ज्ञान असे द्यावे, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.