गच्चीवरचा मृग

जेवणं झाली असतील, तर गच्चीवर या. जानेवारीतली रात्र आहे, नऊचा सुमार. शाल घ्या, फोन घरातच राहू द्या. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा, म्हणजे समोरच्या टॉवरचा हॅलोजन डोळ्यांत येणार नाही.

लगेच वर पाहू नका. डोळे मिटा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. काळोखाला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. शहरात तेवढा काळोख मिळतोय कुठे? दहा मिनिटंही पुष्कळ.

आता पाहा. आकाश काळं नाही, नारिंगी-करडं आहे. खालचा उजेड धुळीवर आणि बाष्पावर पडून विखुरतो आहे. आकाशगंगा त्यात बुडाली. तिची हळहळ वाटली तर वाटू द्या. ती खरी आहे.

आग्नेयेला, मान बरीच वर करून, एका ओळीतले तीन तारे शोधा. हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. भोवतीचे चार तारे म्हणजे त्याचे पाय. एवढं मुंबई-ठाण्यातूनही दिसतं. खरं तर नवख्याला शहराबाहेरच्या, वांगणीसारख्या काळोख्या गावातल्या दाट चांदण्यांपेक्षा मृग इथंच चटकन सापडतो. आजूबाजूला गर्दी नसते.

बाणाची रेघ खाली वाढवा. तो लखलखता व्याध. त्याचा उजेड इथं पोचायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तो निघाला तेव्हा तुम्हाला कसली काळजी होती? आठवून पाहा. नाही आठवली, तरी घाई नाही.

तीच रेघ उलट वर न्या. तांबूस रोहिणी. तिचा उजेड सुमारे ६५ वर्षांपूर्वीचा, महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराचा. तेव्हा घरातलं कोण केवढं होतं, मनाशी मोजा.

आणखी पुढे कृत्तिका. थेट पाहिलं की हरवतात. नजर जरा बाजूला ठेवा, कडेच्या नजरेला मंद उजेड जास्त कळतो. पांढुरका पुंजका दिसला? हा प्रकाश निघाला तेव्हा शिवरायांचा जन्मही व्हायचा होता. एवढी वाट चालून तो आत्ता, या झगमगाटातूनही, तुमच्या डोळ्यांत उतरला. इथं थांबा. काही करू नका.

हे तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. मे महिन्यात मृग संध्याकाळीच मावळतीला टेकतो आणि जूनच्या ७-८ तारखेला सूर्यच मृग नक्षत्रात येतो. मग पावसाचे ढग. तोवर जमेल त्या रात्री वर या.