दुर्मिळाचा मोह आणि अपरिग्रह

ज्या वनस्पतीच्या अंगी काही उणे आहे तीच संग्राहकांच्या जगात सर्वांत मोलाची ठरावी, ही गोष्ट नीतिविचाराला आव्हान देणारी आहे. अगाव्ह, हॉवर्थिया, एकेव्हेरिया यांसारख्या मांसल पानांच्या वनस्पतींवर उमटणारे पांढरे-पिवळे पट्टे म्हणजे पुष्कळदा, वाढत्या कोंबातील काही पेशींना हरितद्रव्य सिद्ध करता न आल्याची खूण असते. तो शुभ्र भाग शेजारच्या हिरव्या भागाच्या कमाईवर जगतो. १९४१ साली जपानमध्ये एइजी वातानाबे यांच्या पेरणीत निवडुंगाची हरितद्रव्यहीन तांबडी रोपे उगवली, ती दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर कलम केली म्हणूनच वाचली. आज बाजारात सर्रास मिळणारा लाल गोळ्याचा निवडुंगही तसाच परक्या खोडाच्या आधाराने उभा असतो.

अशा रोपाची हौस बाळगणे हा परिग्रह होय काय? जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना जिनसांची मोजदाद केली नाही. ममत्वाने आलेल्या चित्ताच्या मूर्च्छेलाच त्यांनी परिग्रह म्हटले. या निकषावर नव्या वाणांच्या बाजाराची पारख करता येते. एखादा वाण मोजक्यांच्याच मालकीचा असतो तोवर त्याची किंमत भरमसाट असते. पुढे पिल्ले वेगळी करून वा ऊतिसंवर्धनाने त्याची विपुल पैदास झाली की रोप तेच, पट्टे तेच, परंतु मालकाची दृष्टी दुसऱ्या अप्राप्य वाणाकडे वळते. तेव्हा त्याला सुखावीत होता तो पानांचा रंग नव्हे, इतरांजवळचा अभाव होता, असे खेदाने म्हणावे लागते. आणि याच हव्यासापायी दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडातील खडकांमधून कोनोफायटमची इवली रोपे चोरून उपटली जातात.

तथापि संग्राहक नसते तर ती तांबडी रोपे अंकुरावस्थेतच मेली असती, हेही तितकेच सत्य आहे. कडक उन्हात फिकट पान करपू नये म्हणून सावली धरणे, निव्वळ हिरवे कोंब बळावून पट्टे नाहीसे होऊ नयेत म्हणून ते वेळीच छाटणे, ही दक्षता म्हणजे दुर्बळाची सेवाच होय. म्हणून संग्राहकाने स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यावी: रोपाला पिल्लू फुटून त्याला मुळे धरली की ते मोल न घेता शेजाऱ्याला द्यावे, आणि मातृरोपावरील आपली प्रीती त्यामुळे उणावते काय, हे पाहावे. ती उणावली तर मूर्च्छा अजून उतरलेली नाही. न उणावली, तर घरभर कुंड्या मांडूनही तो अपरिग्रही आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.