ठोसा आणि वैर

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. अहिंसा सांगणाऱ्या बुद्धाने कर्म तोललं ते हेतूवर. मग ठोसे मारून पोट भरणाऱ्याचं काय?

जपानचा योशिओ शिराई महायुद्धात नौदलात होता. युद्धानंतर त्याच्यातला बॉक्सर हेरला तो जेत्या अमेरिकेच्या आल्विन कान यांनी. पेशाने ते चक्क जीवशास्त्रज्ञ! १९ मे १९५२ रोजी टोकियोत शिराईने डॅडो मारिनोला गुणांवर हरवलं आणि जपानला मुष्टियुद्धातलं पहिलं जगज्जेतेपद मिळालं. पुढे म्हाताऱ्या कान यांचा सांभाळ शिराई दांपत्यानेच केला.

ठोशात हिंसा आहेच. ती नाकारणं ढोंग. पण वैर? कालच्या शत्रुराष्ट्रातला माणूस शिराईच्या घरचाच झाला होता.