तेरा दाणे

खापर गावात दोन जावा राहत होत्या. दोघींना शिलाई येत होती. थोरली गावातल्याच टेलरच्या दुकानात तीनशे रुपये रोजाने कामाला जायची. सकाळी नऊला घर सोडायची आणि सहाला परत यायची.

धाकटीला नंदुरबारच्या एका दुकानात पाचशे रुपये रोजाचं काम मिळालं. 2023च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं होतं, त्यामुळे तिला हे परवडण्यासारखं वाटलं. सकाळी सातची गाडी धरायची, अक्कलकुवा, तळोदा करत नंदुरबारला पोचायचं आणि रात्री आठला घरी यायचं. महिना झाल्यावर ती जावेला म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण चला. इथं तीनशेत काय भागतं?"

सासू ओट्यावर दादर ज्वारी निवडत होती. तरुणपणी उचल घेऊन ती बारडोलीकडे ऊसतोडीला गेली होती. अंगावरची उचल फिटल्यावर हातात काय राहतं, हे तिला तिथं कळलं होतं. ती म्हणाली, "किती मिळतात ते सांगितलंस. आता उरतात किती ते सांग."

धाकटीने हिशोब केला. जाण्यायेण्याचे शंभर, चहा-नाश्त्याचे तीस. उरले तीनशे सत्तर.

सासूने सुपातले नऊ दाणे थोरलीपुढे मांडले आणि तेरा धाकटीपुढे. "घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत एका तासाला एक दाणा. तुझे चार दाणे जास्त आणि रुपये सत्तर जास्त. म्हणजे तासाला अठरा रुपयेही पडत नाहीत. थोरली संध्याकाळी घरच्या मशीनवर एक ब्लाउज शिवते, त्याचे दीडशे घेते."

धाकटी गप्प झाली. मग म्हणाली, "आई, हिशोब बरोबर आहे, पण अर्धा आहे. इथं वर्षभर मी काजं-बटणं आणि तुरपाईच केली. कात्री कुणी हातात दिली नाही. तिथं मी पंजाबी ड्रेसचं कटिंग शिकतेय."

सासूने तेरा दाण्यांकडे पाहिलं. "मग जा. पण शिकणं संपेल त्या दिवशी हे दाणे पुन्हा मोज."

धाकटी जात राहिली. दिवाळीपर्यंत तिचा हात कटिंगवर बसला. तिने दाणे पुन्हा मोजले आणि गावातल्या टेलरकडे गेली. "काका, मला आता कटिंग येतं. कटिंगचा रोज द्याल तर इथंच काम करते." गावात लग्नसराई तोंडावर होती आणि कटिंगला माणूस मिळत नव्हता. टेलरने चारशे कबूल केले. धाकटीने त्याच वेळी थोरलीचीही गोष्ट काढली. इतकी वर्षं तिने रोज वाढवून मागितलाच नव्हता. तिचेही साडेतीनशे झाले.

शंभर रुपये कमी घेऊन धाकटी गावात आली, पण तिकीट आणि नाश्ता वाचल्याने तिच्या हातात आधीपेक्षा तीस रुपये जास्तच राहिले. वाचलेल्या चार तासांत ती घरी ब्लाउज शिवू लागली.

बोध : रोज किती मिळतो एवढ्यावर काम निवडू नये. खर्च जाऊन किती उरतात, त्यासाठी घराबाहेर किती तास जातात आणि हाताला नवं काय येतं, या तिन्ही गोष्टी मोजाव्यात. शिकायला मिळत असेल तर लांब जावं. नुसत्या आकड्यासाठी आयुष्याचे तास स्वस्तात विकू नयेत. आणि ज्याच्या दुकानात गावची माणसं राबतात त्याने त्यांच्या कसबाचा दाम आपणहून द्यावा. मागितल्यावरच रोज वाढवला, तर चांगले हात रोज सकाळच्या गाडीने गावाबाहेर जातील.