चित्रातले अन्न आणि भुकेचा धनी

अन्नाच्या चित्राला वास नसतो, चव नसते आणि त्याने कोणाचे पोटही भरत नाही. तरीही तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींचे छायाचित्र नजरेस पडताच तोंडाला पाणी सुटते आणि नुकत्याच जेवून उठलेल्या माणसालाही पुन्हा काही खावेसे वाटू लागते. पाहतात डोळे आणि पाझरते जीभ, असे का व्हावे, या प्रश्नाचा संबंध न्यायदर्शनाने थेट आत्मविचाराशी जोडलेला आहे.

न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्मसिद्धीसाठी जे हेतू दिले आहेत, त्यांत ‘इंद्रियांतरविकार’, म्हणजे एका इंद्रियाच्या व्यापाराने दुसऱ्या इंद्रियात उत्पन्न होणारा क्षोभ, हाही एक आहे. भाष्यकार वात्स्यायन त्यासाठी आंबट फळाचेच उदाहरण घेतो. फळाचे रूप आणि त्याचा रस पूर्वी एकत्र अनुभवलेले असल्यामुळे पुढे केवळ रूप दिसले तरी रसाची स्मृती जागी होते, स्मृतीमागून इच्छा येते आणि तोंडात पाणी दाटते. परंतु डोळ्याला रस कळत नाही, जिभेला रूप कळत नाही, आणि एकाच्या अनुभवाचे स्मरण दुसऱ्याला होत नाही. म्हणून दोहोंहून वेगळा, दोन्ही अनुभव आपलेच म्हणून जाणणारा एक ज्ञाता मानणे नैयायिकांना भाग पडते. चित्राच्या बाबतीत हा युक्तिवाद अधिकच धारदार होतो, कारण येथे समोर फळसुद्धा नसते. आणि ज्याने कैरी कधी चाखलीच नाही, त्याच्या जिभेवर त्या चित्राचा असा परिणाम होत नाही.

आधुनिक शरीरविज्ञानाने या क्रियेची शारीरिक बाजू उलगडली आहे. अन्नाशी जोडल्या गेलेल्या नुसत्या खुणेनेही कुत्र्यांना लाळ सुटते, हे पावलॉव्हने दाखवले. म्युनिकमधील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अन्नाची चित्रे पाहिल्यावर रक्तातील घ्रेलिन या भूक चेतवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. मात्र स्मृतीने शरीर कसे हलते हे कळल्याने ती स्मृती कोणाची, हा प्रश्न मिटत नाही. बौद्ध विचारवंत येथे स्थिर आत्मा नाकारून क्षणाक्षणाला बदलणाऱ्या विज्ञानसंततीतून, म्हणजे जाणिवेच्या प्रवाहातून, वासना पुढे वाहत येतात असे सांगतात. या वादाचा निर्णय काहीही लागो, भुकेचे एक बीज ताटात नसून पूर्वानुभवाच्या संस्कारात असते, हे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

साधनेच्या दृष्टीने याच गोष्टीला मोल आहे. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटले तरी त्यांची गोडी उरते, असे गीतेचा दुसरा अध्याय बजावतो, आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर वरची पालवी खुडून मुळाशी पाणी घालत राहिल्यास झाड कसे मरेल, असे विचारतात. उपवासाच्या दिवशी ताट दूर सारून पक्वान्नांची चित्रे न्याहाळत बसणारा माणूस नेमके हेच पाणी घालत असतो. त्याचा संयम हातापुरता राहतो, मनापर्यंत पोहोचत नाही. याच विवेकाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याच्या पोटात खरोखरच अन्न नाही, त्याची भूक वासना नसून प्राणाची गरज आहे. म्हणून संयमाचा उपदेश तृप्ताने स्वतःला करावा आणि भुकेल्याला मात्र आधी जेवू घालावे.