हेड गॅस्केट आणि संयोगाचा प्रश्न

इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचे हेड गॅस्केट बसते. ज्वलनाचा वायू, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांत मिसळू न देण्याचे काम तिथे चालते. हे काम नेमके कोण करते? गॅस्केट, बोल्ट, की घासून सपाट केलेले दोन पृष्ठभाग? कारागिराच्या या प्रश्नामागे भारतीय दर्शनांतला एक जुना वाद उभा आहे: दोन वस्तू जोडल्या गेल्या की त्या दोघींखेरीज तिसरे काही खरोखर अस्तित्वात येते का?

वैशेषिकांच्या मते येते. त्यांनी संयोगाला गुण मानले. रंग एका द्रव्यात राहतो, संयोग मात्र एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो. तो हालचालीतून उपजतो आणि विभागाने नष्ट होतो. शिवाय तो अव्याप्यवृत्ती असतो, म्हणजे ज्या द्रव्यात असतो ते सगळे व्यापत नाही. बौद्धांना हे मान्य नव्हते. धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ या छोट्याशा ग्रंथात विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा, की दोन वस्तू दोनच राहिल्या तर त्या जोडल्या कशा, आणि एक झाल्या तर जोडायला उरले काय? त्याच्या लेखी वस्तू आपापल्या जागी असतात, संबंध जुळवते ते मन.

या वादाची कसोटी पाहण्यासाठी एक इंजिन फार उपयोगी आहे. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या टोयोटा सुप्रा गाडीतले 7एम-जीटीई हे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. हेड गॅस्केट उडण्याबद्दल ते बदनाम झाले. जाणकारांत रुळलेले स्पष्टीकरण असे की हेड बोल्टसाठी ठरवलेला सुमारे 78 न्यूटन-मीटरचा टॉर्क कमी पडत होता, आणि तो शंभराच्या आसपास नेल्यावर इंजिने टिकू लागली. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 83 मिलिमीटर आहे. ज्वलनाचा दाब 100 बारपर्यंत गेला तर एकेका सिलिंडरमधून हेडवर साधारण साडेपाच टनांचा जोर वरच्या दिशेने येतो, आणि मिनिटाला 6000 फेऱ्या असताना तो सेकंदाला 50 वेळा येतो. हेड तेच, ब्लॉक तोच, बोल्ट तेच. बदलली ती फक्त आवळण.

बौद्ध पक्ष इथे गप्प बसणार नाही. तो म्हणेल, वस्तूच बदलल्या आहेत: बोल्ट थोडा अधिक ताणला गेला, गॅस्केट थोडे अधिक दबले. मग संबंध नावाची वेगळी चीज कशाला हवी? आक्षेप वजनदार आहे, कारण बोल्ट हा खरोखरच एक ताठ स्प्रिंग आहे आणि त्याचे लांब होणे मोजता येते. पण तो ताण केवळ बोल्टचा म्हणून सांगता येत नाही. हेड आणि गॅस्केट विरोध करतात म्हणून बोल्ट ताणलेला राहतो, आणि बोल्ट ओढतो म्हणून ते दबलेले राहतात. एक सैल केला की त्याच क्षणी बाकीचेही सुटतात. एका वस्तूत पत्ता न सापडणारा, सगळ्यांत मिळून असलेला हा भार कल्पनेतला म्हणणे कठीण आहे, कारण साडेपाच टनांना तोच थोपवतो. या मुद्द्यावर वैशेषिकांची बाजू बळकट दिसते.

म्हणूनच ‘सर्वांत चांगले गॅस्केट कोणते’ हा प्रश्न मुळात अपुरा आहे. ग्रॅफाइटचे थर असलेले कंपोझिट गॅस्केट मऊ असते. पृष्ठभागावरचे बारीक खाचखळगे ते भरून काढते, पण बूस्ट वाढवला आणि नॉकिंग सुरू झाले की सिलिंडरच्या कडेला फाटते. स्प्रिंग स्टीलच्या तीन-चार पत्र्यांचे बहुस्तरीय गॅस्केट, म्हणजे एमएलएस, हेड किंचित उचलले गेले तरी आपल्या उठावदार कडांनी फट भरून काढत राहते. त्याच्या अंगावर रबराचा लेप मात्र काही शतांश मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे त्याला आरशाजवळ जाणारा पृष्ठभाग लागतो. सर्वसाधारण अपेक्षा सरासरी खडबडीतपणा सव्वा मायक्रॉनच्या आत असावा अशी असते. नुसत्या तांब्याचे गॅस्केट शर्यतीच्या इंजिनांत चालते, पण सिलिंडरभोवती खाच पाडून तारेची रिंग बसवावी लागते आणि पाण्याच्या भोकांभोवती सीलंट लावावे लागते. एमएलएसवर सिलिकॉन सीलंट थापण्याची सवय उलट घातक आहे; त्याचा थर पत्र्याला सारखे टेकू देत नाही.

पृष्ठभागाची ही अट संयोगाच्या अव्याप्यवृत्तीचे प्रत्यक्ष उदाहरण आहे. फेसिंग केलेले हेड हाताला गुळगुळीत लागते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यावर डोंगररांगा दिसतात, आणि दोन धातू खरे टेकतात ते शिखरांवर. स्पर्श सर्वत्र नसतो. वायूला अडवायला सिलिंडरभोवती स्पर्शाचे एक अखंड वर्तुळ पुरे, आणि एमएलएसच्या उठावदार कडा सगळा भार तिथेच एकवटतात.

संयोग क्रियेतून उपजतो हेही इथे अक्षरशः खरे आहे, आणि ती क्रिया फसवी आहे. टॉर्क रेंचवर दिसणाऱ्या आकड्याचा जवळपास नऊ-दशांश भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. दाबण्याच्या कामी येतो तो उरलेला दहावा हिस्सा. आटे कोरडे की तेल लावलेले, एवढ्यावर तोच आकडा निराळा भार देतो. म्हणून आटे साफ करून सांगितलेलेच वंगण लावायचे आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळत जायचे. कडेपासून सुरुवात केली तर हेडचा बाक मध्येच अडकून राहतो.

वैशेषिकांचे उत्तर अपुरे पडते ते पुढे. संयोग एकदा उपजला की विभाग होईपर्यंत टिकतो, असे ते सांगतात. सील मात्र हेड उचलले जाण्याआधीच कमजोर होत जाते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरते, त्यामुळे इंजिन तापले की हेड गॅस्केटवरून दर वेळी सूक्ष्म घासले जाते. एमएलएसचा लेप हे सरकणे सोसतो. मऊ कंपोझिट झिजते आणि दबून बसते. म्हणून अनेक कंपोझिट गॅस्केटना पहिल्यांदा इंजिन तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळण्याची सूचना असते. वैशेषिकांना कमी-अधिकाची कल्पना अगदीच नव्हती असे नाही: कापसाच्या गोळ्याचा मोठा आकार समजावताना त्यांनी प्रचय, म्हणजे अवयवांचा शिथिल संयोग, मानला. पण तो त्यांनी आकाराचे कारण म्हणून वापरला. संयोग न तुटताही त्याचे बळ घटू शकते, हा विचार त्यांनी तिथून पुढे नेला नाही, आणि संबंधाने वस्तूही बदलतात हे बौद्धांचे निरीक्षण इथे त्यांना उपयोगी पडले असते. दबलेले गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत, ते याच कारणाने.