बाकामागचा माणूस

आईस हॉकीचा सामना नवख्या माणसानं पाहिला, तर त्याला नुसती धावपळ दिसते. पक ही छोटी, काळी, रबरी चकती बर्फावरून इतक्या वेगानं सुटते की नजर तिच्यावर ठरतच नाही. मुरलेला चाहता मात्र तिच्यामागे डोळे पळवत नाही. पक ज्यांच्याजवळ नाही, त्यांच्याकडे तो बघतो. कोण गुपचूप मोकळ्या जागेत सरकला, कोण बचावासाठी मागे वळला, कोण पाऊण मिनिटाच्या पाळीत दमून बाकाकडे निघाला, हे त्याला आधी दिसतं. हा खेळच तशी सवय लावतो. गोल झाला की करणाऱ्याच्या नावाबरोबर त्याला पास देणाऱ्याचं नाव लागतं, आणि त्याच्याही आधी पास देणाऱ्याचं. तिघांच्याही खात्यात सारखाच एकेक गुण पडतो. वेन ग्रेट्स्कीनं नॅशनल हॉकी लीगच्या नियमित हंगामांत 894 गोल केले, पण दुसऱ्यांच्या गोलांना हातभार लावला 1,963 वेळा. त्याचे सगळे गोल बाजूला ठेवले, तरी त्याचे गुण लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्तच भरतात. या खेळाचा एखादा भक्त डोळ्यांसमोर आणा. तो टोरांटोत भेटेल, व्हँकुव्हरला भेटेल, सिॲटलमध्ये भेटेल. पंचविशी उलटलेली आहे. नोकरी आहे, पण तिच्यात जीव रमत नाही. किंवा अजून नोकरीच शोधतो आहे. कुणाची तरी सोबत हवी, असंही मनात आहे, पण ते जमून येत नाही. संघाचा सामना असला की संध्याकाळ त्या सामन्याची. घरचे काळजीनं म्हणतात, हे वेड जरा कमी कर, म्हणजे बाकीचं मार्गी लागेल. मला वेगळं वाटतं. या मुलाकडे एक मोठी गोष्ट तयारच आहे. सगळे जिकडे बघतात, तिथून नजर काढून दुसरीकडे बघण्याची सवय. ती त्यानं रिंकबाहेर आणली, तर बरंच काही मार्गी लागेल.

अशा नजरेची ही 23 ऑक्टोबर 2021 ची गोष्ट. सिॲटल क्रॅकन हा तेव्हा लीगमधला अगदी नवा संघ, आणि घरच्या रिंकवरचा त्याचा तो पहिलाच सामना. समोर होता व्हँकुव्हर कनक्स. शहरानं ज्याची वाट पाहिली, असा दिवस. नादिया पोपोविची नावाची बावीस वर्षांची मुलगी पाहुण्या संघाच्या बाकामागे, काचेला लागून असलेल्या जागेवर बसली होती. बाकावर खेळाडू, आणि त्यांच्या मागे, तिच्याकडे पाठ करून, कनक्सचं साहित्य सांभाळणारा ब्रायन हॅमिल्टन उभा. काठी मोडली की दुसरी हातात द्यायची, स्केटच्या पात्याकडे लक्ष ठेवायचं, कुणाला काय हवं ते ओरडून मागण्याआधी पुढे करायचं, हे त्याचं काम. हजारो लोक त्या रिंकमध्ये होते, पण त्याच्याकडे बघायला कुणी आलं नव्हतं. नादियाला त्याच्या मानेवरचा तीळ दिसला. मोठा, लालसर तपकिरी, कडा वेड्यावाकड्या. तिनं रुग्णालयात काम केलेलं होतं, डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं. असा तीळ साधा नसतो, हे तिला कळलं. पण कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मधे जाड काच, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि माणूस पूर्ण अनोळखी. तिनं फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की तुमच्या मानेवरचा तीळ कर्करोगाचा असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. महत्त्वाचे शब्द लाल केले आणि फोन काचेला लावून धरला. त्यानं वाचलं, आणि तो पुढे निघून गेला. आपण आगाऊपणा तर केला नाही ना, असं नंतर तिच्या मनात आलं. क्रॅकन तो सामना 4-2 असा हरले. हॅमिल्टननं मात्र तो मजकूर विसरून टाकला नाही. संघाच्या डॉक्टरांना तीळ दाखवला, तो काढून तपासायला पाठवला. निघाला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग. वेळेवर सापडला म्हणून हॅमिल्टन वाचला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की दुर्लक्ष झालं असतं, तर पुढची काही वर्षंच हाती होती. मग 1 जानेवारी 2022 ला, कनक्स पुन्हा सिॲटलला खेळायला आले तेव्हा, त्यानं त्या अनोळखी मुलीला शोधण्यासाठी जाहीर पत्र लिहिलं. पत्र लोकांमध्ये फिरत होतं, तेव्हा ती आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर रात्रपाळी करून घरी झोपली होती. त्याच दिवशी दोघांची भेट झाली, आणि दोन्ही संघांनी मिळून तिच्या वैद्यकीय शिक्षणासाठी 10,000 डॉलर दिले. या गोष्टीत लोकांना शेवट आवडतो, आणि तो आहेच आवडण्यासारखा. मला स्वतःला मात्र फोन काचेला लावण्याआधीचे क्षण मोठे वाटतात. ती आपल्या संघासाठी आली होती, शहराचा आनंदाचा दिवस होता, खेळाकडे बघत राहिली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. तिनं एका माणसाकडे बघितलं, आणि जे दिसलं ते त्याला सांगायचं धाडसही केलं.

आता आपल्या त्या तरुण चाहत्याकडे येऊ. नोकरीच्या मुलाखतीला जाताना तो काय करतो? आपण कसे दिसू, काय बोलू, आपल्या अर्जात काय कमी आहे, याचीच उजळणी. सगळी नजर स्वतःवर. आपल्या संघाचा राखीव गोली, म्हणजे गोलरक्षक, कुठून आला, त्याचा कुठला गुडघा दुखतो, हे त्याला तोंडपाठ असतं. ज्या कचेरीत तो निघाला आहे, तिथली माणसं दिवसभर कशाशी झगडतात, हे मात्र त्यानं कधी पाहिलेलं नसतं. इथेच ती सवय कामाला यावी. कॅनडातल्या हरनारायण सिंगकडे बघा. अल्बर्टा प्रांतातल्या ब्रुक्स नावाच्या लहान गावात वाढलेला हा शीख मुलगा, ग्रेट्स्कीचा वेडा चाहता, लहानपणापासून घरातल्या घरात सामन्याचं समालोचन करायचा. पगडी घातलेला माणूस त्या काळी हॉकीच्या पडद्यावर दिसतच नव्हता. 2008 मध्ये कॅनडाच्या सरकारी वाहिनीनं पंजाबीतून हॉकीचं समालोचन सुरू केलं, तेव्हा ते काम त्याच्याकडे आलं. राहायला कॅलगरीला आणि काम टोरांटोत. सुरुवातीला तो दर आठवड्याच्या शेवटी स्वतःच्या खर्चानं विमानानं ये-जा करत होता. खेळावरचं प्रेम लाखो लोकांना असतं. त्यानं त्या प्रेमाबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली: काही घरांत हा खेळ अजून पोचलेला नाही. ज्या घरांत आजी-आजोबांना इंग्रजी समालोचन कळत नव्हतं, त्या घरांत तो आवाज गेला. त्याची नोकरी तिथे उभी राहिली. पण आवडीचंच काम मिळालं पाहिजे, नाहीतर आयुष्य फुकट, असं मी कुणा तरुणाला सांगणार नाही. शिकागोत स्कॉट फॉस्टर नावाचे हिशेबनीस होते. दिवसा आकडेमोड, संध्याकाळी हौशी मंडळींच्या सामन्यात गोल राखायचा. 29 मार्च 2018 ला तिथल्या ब्लॅकहॉक्स संघाचे दोन्ही गोली जखमी झाले, आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या या 36 वर्षांच्या माणसाला बर्फावर उतरवलं गेलं. विनिपेग संघानं त्यांच्यावर मारलेले सातही फटके त्यांनी अडवले. 14 मिनिटं ते लीगमध्ये खेळले. मग पुन्हा आपली हिशेबाची नोकरी. ही नोकरी त्यांच्या हॉकीच्या आड आली नाही, आणि हॉकी नोकरीच्या आड आली नाही. पोट भरणारं काम आणि मन भरणारं काम एकाच ठिकाणी मिळालं तर उत्तम. नाही मिळालं, तरी दोन्हीकडे लक्ष देऊन राहता येतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

सोबतीचं थोडं अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. टोरांटोच्या मेपल लीफ्सनी 1967 नंतर लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप उचललेला नाही. व्हँकुव्हर कनक्स 1970 पासून लीगमध्ये आहेत, त्यांनी तो एकदाही जिंकलेला नाही. तरी लोक येतात. बापानं ज्या संघासाठी डोळे पुसले, त्याच संघाचा शर्ट मुलगी घालते. एका वाईट हंगामानं चाहता संघ सोडत नाही. हाच चाहता एखाद्या मुलीला भेटतो, कॉफीच्या टेबलावर दोन-चार वेळा अवघडलेली शांतता पडते, आणि तो घरी येऊन म्हणतो, जमलं नाही, पुढची बघू. संघाला जो धीर दिला, त्यातला थोडा माणसाला द्यायला काय हरकत आहे? ती मुलगी पहिल्या भेटीत घाबरली असेल. दिवसभर कामानं थकून आली असेल. तिच्या बोलण्यात आईचं नाव वारंवार येतं, पण वडिलांचं एकदाही येत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला हवं. घरात पाऊल टाकताच पोराचा चेहरा वाचणाऱ्या आईसारखं ते लक्ष असतं. त्याला हुशारी लागत नाही, फक्त समोरच्याची मनापासून चौकशी लागते. एक फरक मात्र आहे, आणि तो विसरून चालत नाही. संघावरचं प्रेम एका बाजूचं असतं. तुम्ही आरडाओरडा करता, गाता, रडता, पण खेळाडूला तुमचं नाव माहीत नसतं. त्या प्रेमात स्वतः उघडं पडायची भीती नाही, म्हणून ते सोपं आहे. माणसावरच्या प्रेमात आपल्याकडेही बघितलं जातं. आपली भीती, आपली अर्धवट नोकरी, आपलं एकटेपण समोरच्याला दिसू द्यावं लागतं. अनेक चांगली, कष्टाळू मुलंमुली नेमकी इथे मागे सरतात, आणि मग पुन्हा सामना लावून बसतात. त्यांना रागावू नये. त्यांच्या जवळ बसून विचारावं, आणि सांगतील तेवढं ऐकावं. समजा सगळं करूनही नकार आला, नोकरीचा किंवा माणसाचा. या खेळात त्याचीही एक सुंदर रीत आहे. बाद फेरीत एकाच संघाशी सात-सात सामने रक्त निघेपर्यंत झुंजून झालं, की हरलेले आणि जिंकलेले समोरासमोर रांगा लावतात आणि प्रत्येकाशी हात मिळवतात. हरलेल्याच्या डोळ्यांत पाणी असतं, तरी तो रांगेत उभा राहतो. नकार देणाऱ्या माणसाचेही असेच आभार मानता येतात, मनात अढी न ठेवता. ज्यांना तसं जमतं, त्यांच्याशी लोक पुन्हा बोलायला येतात. ही नजर रिंकबाहेर आणायची, तर आज तुम्ही कामाला निघाल तेव्हा रोज दिसणारा, पण नाव माहीत नसलेला एक माणूस निवडा. लिफ्टजवळचे काका असतील, शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी असेल. त्यांचं नाव विचारा, कसे आहात विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत फोनकडे बघू नका.